शेजारच्या रकान्यातली अक्षरे

परीक्षेचे अर्ज तपासताना आपण हे पाहिलेले असते. नावासाठी २० चौकोन आखलेले असतात, नाव २५ अक्षरांचे असते, आणि मुलगा उरलेली ५ अक्षरे शेजारच्या ‘फक्त कार्यालयासाठी’ या रकान्यात लिहून मोकळा होतो. आपण ती खोडतो. पण त्या रकान्यात जे असेल ते हुकूम म्हणून पाळणारा कारकून असता तर? ई-मेलच्या सर्व्हरवर असा कारकून बरीच वर्षे कामाला होता.

जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या नियमावलीत एक सूचना घातली : पाठवताना काटेकोर राहावे, स्वीकारताना उदार असावे. ई-मेल पोचवण्याचे नियमही १९८२ साली त्यांनीच लिहिले. जाळ्यावर तेव्हा मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचा ‘सेंडमेल’ हा प्रोग्रॅम त्याच उदार वृत्तीचा. कसाही लिहिलेला पत्ता तो समजून घेई, दुरुस्त करी आणि पत्र पुढे धाडी. मात्र हे सारे तो संगणकाचे सर्वाधिकार हाती ठेवून करी.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा ‘वर्म’ जाळ्यात पसरला. त्याची एक वाट सेंडमेलमधून होती. चाचणीसाठी ठेवलेली सोय उघडीच राहिली होती, त्यामुळे पत्त्याच्या जागी चक्क आज्ञा लिहिता येई. दुसरी वाट ‘फिंगर’ या वेगळ्या सेवेतली, आणि ती थेट आपल्या अर्जासारखी : जागा ५१२ अक्षरांची, पाठवली ५३६. जास्तीची अक्षरे शेजारच्या स्मृतीत सांडली आणि संगणकाने ती आज्ञा म्हणून पाळली.

मग सगळे मोजून घेऊ लागले का? सेंडमेल मोजत होता, पण चुकीचे. पत्त्याभोवती कोनी कंस असतात. बंद होणारा कंस आला की जागेची सीमा एका घराने पुढे सरके. उघडणारा कंस आला की ती मागे यायला हवी होती, ते करायचे राहून गेले होते. कंसांच्या जोड्या नुसत्या लिहीत गेले की सीमा सरकत राही. ही चूक मार्च २००३ मध्ये जाहीर झाली. धोका पत्राच्या मजकुरातच होता, त्यामुळे वाटेतले निर्दोष सर्व्हरही ते पत्र इमानाने आतल्या सदोष सर्व्हरपर्यंत पोचवू शकत.

वास्तविक वेगळी रचना ५ वर्षे आधीच उपलब्ध होती. डॅनियल बर्नस्टाइन यांचा ‘क्यूमेल’ आणि वीत्से वेनेमा यांचा ‘पोस्टफिक्स’ यांनी एका कारकुनाचे काम अनेकांत वाटले. अनोळखी माणसाशी बोलणाऱ्याच्या हाती किल्ल्याच द्यायच्या नाहीत, म्हणजे तो फसला तरी नुकसान थोडे. मला ही कल्पना मोजणीपेक्षा मोलाची वाटते.

क्यूमेलमध्ये सुरक्षेची चूक दाखवणाऱ्याला बर्नस्टाइन यांनी १९९७ साली ५०० डॉलर देऊ केले. २००५ साली एका संशोधकाने अतिप्रचंड पत्राने फसणारी मोजणी दाखवली. एका प्रोग्रॅमला एवढी स्मृती कोणी देत नाही, असे म्हणून बर्नस्टाइन यांनी ती नाकारली. २०२० साली ‘क्वालिस’च्या संशोधकांनी तीच चूक वापरून क्यूमेलच्या सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवून दाखवल्या. स्मृतीवर मर्यादा घालायचे तिथे राहून गेले होते.