ओझे आणि धाव : भोर-वेल्ह्यातील धारेवरच्या वाटांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले भोर आणि वेल्हे हे तालुके जुन्या बारा मावळांच्या प्रदेशात मोडतात. त्यांपैकी वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. नीरेच्या उगमाकडचे हिरडस मावळ, गुंजवणीच्या काठचे गुंजण मावळ, कानद नदीचे कानद खोरे आणि वेळवंडीचे वेळवंड खोरे अशी येथील मुलखाची नावे नद्यांशी व गावांशी बांधलेली आहेत. या खोऱ्यांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या डोंगरमाथ्याला ‘धार’ म्हणतात, धारेवरून खाली उतरणाऱ्या निमुळत्या दांड्याला ‘सोंड’ म्हणतात, आणि घाटमाथ्यावरून कोकणात कोसळणाऱ्या दगडगोट्यांच्या घळीला ‘नाळ’ म्हणतात. हे शब्द वाटसरूंच्या तोंडी घडले, कारण कोणत्या चढणीवर श्वास किती लागेल आणि डोक्यावरचे ओझे कोठे उतरवता येईल, हे त्या एका शब्दातच कळत असे.

या वाटा प्रथमतः कामाच्या होत्या. वेल्ह्यातील केळदजवळचा मढे घाट, मोहरीकडून उतरणारी सिंगापूरची नाळ, हिरडस मावळातून महाडकडे जाणारा वरंधा घाट अशा उतारांवरून कोकणातले मीठ वर येई आणि देशावरचा माल खाली जाई. जेथे वाट रुंद असेल तेथे बैलांच्या पाठीवर गोण्या लादल्या जात. नाळेत मात्र माणसाच्या डोक्याखेरीज दुसरे वाहन नव्हते. याच वाटांवरून जासूद, म्हणजे पत्रे व तोंडी निरोप पोचवणारे पायी दूत, धावत असत, आणि एकाला काही झाले तरी दुसऱ्याने निरोप पोचवावा म्हणून त्यांना पुष्कळदा जोडीने पाठवले जाई. शिवकाळात तोरणा आणि राजगड हे दोन गड ज्या एका धारेने जोडलेले राहिले, ती धार राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जाते. (माची म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालचा तटबंदीचा सपाट टप्पा.) राजधानी रायगडास जाईपर्यंत राजगडावरचा कारभार अशा धारांवर आणि त्या चालून जाणाऱ्या माणसांच्या पायांवर अवलंबून होता.

पायांच्या या कष्टातून स्पर्धात्मक खेळ कसा जन्मतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नॉर्वेत सापडते. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाळ मुलखात दूरवर घसरत जाणे ही तेथील प्रवासाची जुनी रीत होती, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग हा खेळ तिच्यातूनच घडला. १२०६ सालच्या हिवाळ्यात, यादवीच्या दिवसांत, बिर्केबाइनर नावाच्या पक्षाच्या दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्र हाकोनला उचलून डोंगर ओलांडून सुरक्षित नेले, अशी तेथील कथा आहे. बिर्केबाइनर या शब्दाचा अर्थ ‘भूर्जाच्या सालीचे पायताण बांधणारे’ असा आहे. १९३२ पासून त्याच घटनेच्या स्मरणार्थ रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरांची शर्यत होते, आणि तीत प्रत्येक स्पर्धकाने पाठीवर साडेतीन किलोची पिशवी वाहावी असा नियम आहे. ते वजन त्या बाळाचे प्रतीक मानले जाते. खेळाच्या इतिहासात इतका अर्थपूर्ण नियम क्वचितच आढळेल, कारण ती वाट मुळात कोणीतरी कोणाला तरी वाहून नेण्यासाठी तुडवली होती, हे तेथे विजेत्यालाही विसरता येत नाही.

हिरडस मावळाच्या इतिहासात या घटनेला तोलामोलाची जोड आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तेव्हा भर पावसाळ्यातल्या त्या रात्री त्यांना पालखीतून नेण्यात आले, असे परंपरा सांगते. सोबत हिरडस मावळातल्या बांदल देशमुखांचे लोक होते आणि घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे हे त्याच मावळातल्या शिंद गावचे, म्हणजे आजच्या भोर तालुक्यातले. बाजीप्रभूंचे शौर्य महाराष्ट्राने योग्य मानाने जपले आहे. परंतु पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन चिखलातून, निसरड्या दगडांवरून धावणाऱ्या भोयांकडे इतिहासलेखनाचे लक्ष तितकेसे गेले नाही. त्या रात्री शरीराने केलेले सर्वांत अवघड काम त्यांचे होते.

पुढे पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले, तोपर्यंत या मुलखाची रचना पालटू लागली होती. वेळवंडीवरील भाटघरच्या धरणाने, आणि नंतर पानशेत व नीरा-देवघर यांसारख्या धरणांनी, खोऱ्यांच्या तळाची शेते, गावे आणि गाडीवाटा पाण्याखाली नेल्या, तर वरंध्याच्या मोटाररस्त्याने नाळांमधली वाहतूक ओसरली. तळाच्या वाटा बुडाल्या. माथ्याच्या उरल्या, पण त्यांचे जुने काम संपले.

रिकाम्या झालेल्या या धारेवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिर्यारोहक आले. सिंहगडावरून विंझर, गुंजवणे मार्गे राजगड आणि तेथून तोरणा हा प्रवास पुण्याच्या तरुणांसाठी जणू दीक्षेसारखा झाला. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच तीन गडांना जोडणारी डोंगरधाव सुरू झाली असून तिची अंतरे १०० किलोमीटरांपर्यंत जातात. बर्फावरच्या धावपटूची आणि या धावपटूची कारकीर्द दिसते त्याहून जवळची आहे, कारण नॉर्वे-स्वीडनमधले स्कीपटूही बर्फ नसलेल्या महिन्यांत चाके लावलेल्या पट्ट्यांवर आणि हातात काठ्या घेऊन डोंगर-चढणीवर धावत सराव करतात. दोघांच्याही अंगी हळूहळू, वर्षानुवर्षांच्या चढउतारांतून, तोच दीर्घ दम मुरतो. फरक एवढाच की डोंगरधावेत पाठीवर असते ते स्वतःचे पाणी आणि स्वतःचे खाणे. धारेने कधीकाळी वाहिलेल्या मिठाची, पत्राची किंवा पालखीची खूण तेथे कोठेच नसते, आणि ती असायला हवी होती.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत राजगडाचा समावेश झाल्यानंतर गडावरची वर्दळ चर्चेत आली आहे. सुट्टीच्या दिवशी पायथ्याच्या गावांतले लोक ताक, लिंबू सरबत आणि पिठलं-भाकरीचे सामान डोक्यावर घेऊन, उन्हे वर येण्याच्या आत पद्मावती माची गाठतात, दिवसभर तेथे बसतात आणि संध्याकाळी रिकामे हंडे घेऊन त्याच वाटेने उतरतात.