आमचा माणूस कुठे आहे?

मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंतचा घोळ सुमारे वीस मीटरवर आला. हरवलेला माणूस शोधणे यंत्राच्या आवाक्यात आले. २०११ मध्ये तिथे डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी जीपीएस बसवलेले बूट विक्रीस आले. बूटच का? अनोळखी वस्तू रुग्ण अंगावरून काढून टाकतो. बूट घालण्याची सवय मात्र स्मृती विरली तरी बराच काळ टिकते. युक्ती नामी होती. पण बूट बोले घरच्यांशी. ‘आता कुठे वळू?’ या चालणाऱ्याच्या प्रश्नावर तो मुकाच. कंपनांनी दिशा सांगणारा कमरपट्टा कॅनडातील संशोधकांनी वृद्धांसाठी २००९ मध्येच तपासला होता. परंतु यंत्र विकत घेतात ते घरचे. बाजाराने त्यांचाच प्रश्न ऐकला.