डाळीचे माप आणि मजुरीचे माप

आंबागडच्या किल्ल्याखाली राहणाऱ्याला दोन पिके सांगावी लागत नाहीत : पावसाळ्याचे धान आणि त्याच बांधीच्या ओलीवर येणारी लाखोळी. भाताने पोट भरते, बळ डाळीने येते, हे आयाबायांना ठाऊक होतेच. पण किती बळ, हे सांगायला माप लागते. त्या मापाची ही हकीकत.

1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांना धान्यातील प्रथिने मोजायची होती. त्यांनी धान्य तीव्र गंधकाम्लात उकळले, त्यातील नत्राचा अमोनिया केला आणि तो मोजला. प्रथिनांत शेकडा सुमारे 16 भाग नत्र असते. म्हणून नत्राला 6.25 ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. दुसरी रीत रंगाची. प्रथिनांच्या अल्कयुक्त द्रावणात मोरचूद घातले की जांभळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी प्रथिने अधिक.

आपल्याकडे या विद्येसाठी कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना आधी दार उघडून घ्यावे लागले. 1933 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. अटी सोसून आत गेल्या आणि दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच. डी. मिळवली.

याचा मजुराशी संबंध काय? 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेले किमान वेतन ठरवताना अन्नाचा हिशेब आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीवर मांडला. ‘मजुराला भात पुरतो’ हे वाक्य आम्ही वाटाघाटीत पुष्कळदा ऐकले आहे. त्याला उत्तर प्रयोगशाळेने दिले, घोषणेने नव्हे.

तरी आकड्यापुढे हात जोडू नयेत. लाखोळीत शेकडा सुमारे 25 भाग प्रथिने भरतात. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात. रीवा भागात वेठबिगारांना मजुरीत हीच डाळ मिळे. तिच्यातील विषारी द्रव्याचे स्वरूप 1964 साली बंगलोरच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी उकलले. त्या द्रव्यातही नत्र आहे! केल्डालचे माप विष आणि अन्न वेगळे करीत नाही. ते फक्त नत्र मोजते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : कोणी आकडा पुढे ठेवला, तर तो किती आहे हे विचारण्याआधी काय मोजले, हे विचारावे. मजुरीच्या हिशेबालाही तोच प्रश्न लागू आहे.