कॅम्पसवरचं ईमेल कुणाचं? हार्वर्डच्या एका वादाची गोष्ट

पीएचडीला प्रवेश घेतला की विद्यापीठाकडून आपल्याला एक ईमेल पत्ता मिळतो. मग हळूहळू सगळं त्याच पेटीत जमा व्हायला लागतं. मार्गदर्शकाशी झालेला पत्रव्यवहार, प्रकरणांचे कच्चे मसुदे, मुलाखत दिलेल्या लोकांचे फोन नंबर, फेलोशिप अडकल्याची तक्रार, सगळंच. ही पेटी आपल्याशिवाय आणखी कोण उघडू शकतं, हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आजच्या पोस्टमध्ये या प्रश्नाचा थोडा इतिहास बघू. उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण कॅम्पसवरचे संगणक आणि ईमेल यांची सुरुवात तिथे लवकर झाली आणि त्यावरची भांडणंही जाहीरपणे झाली. माझा मुद्दा साधा आहे. यंत्रणा चालवणाऱ्याला आपलं पत्र वाचणं तांत्रिकदृष्ट्या पहिल्यापासूनच शक्य होतं. वाद झाले ते दोन गोष्टींवरून: उघडायची परवानगी कुणी द्यायची, आणि ज्याचं पत्र उघडलं त्याला ते सांगायचं की नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सीटीएसएस नावाची यंत्रणा सुरू झाली. एकच मोठा संगणक अनेक जण एकाच वेळी वापरत. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाने वापरलेल्या वेळेचा हिशेब ठेवता यावा म्हणून पासवर्ड आले. अ‍ॅलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नव्हते. १९६२मध्ये त्याने युक्ती करून पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केलं! याची कबुली त्याने जवळपास २५ वर्षांनी दिली. १९६५मध्ये याच यंत्रणेवर एकमेकांना निरोप पाठवायची सोय झाली. ती आजच्या ईमेलची एक पूर्वज.

त्या काळात एकमेकांवर नजर ठेवण्यात कुणाला फारसं वावगं वाटत नसे. स्टॅनफर्डमध्ये लेस अर्नेस्ट यांनी १९७१मध्ये ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यातून कोण संगणकावर बसलंय आणि किती वेळापासून, हे कुणालाही दिसे. आपला सहकारी जागेवर आहे का, एवढं कळावं म्हणून ती सोय होती. शेजारच्या खोलीत डोकावण्यासारखंच ते. तिथे सगळे एकमेकांना ओळखत होते आणि सगळ्यांना सगळं सारखंच दिसत होतं.

पुढे कॅम्पसवर हजारो लोकांची खाती झाली. ती चालवायला स्वतंत्र विभाग आले आणि ही बरोबरी संपली. आता थोड्यांना सगळं दिसत होतं आणि बाकीच्यांना काहीच नाही. अमेरिकेत १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयतेसाठी कायदा झाला. त्याने बाहेरच्या माणसाला साठवलेले संदेश उघडायला मनाई केली, पण सेवा पुरवणाऱ्या संस्थेला स्वतःच्या यंत्रणेत बघण्याची मोकळीक ठेवली. कॅम्पसवर ही सेवा पुरवणारं म्हणजे विद्यापीठच. त्यामुळे खरा निर्णय प्रत्येक विद्यापीठाच्या आपापल्या नियमांवर येऊन पडला.

हार्वर्ड, २०१२

ऑगस्ट २०१२च्या शेवटी हार्वर्डने जाहीर केलं की एका मोठ्या वर्गाच्या घरी सोडवायच्या परीक्षेत सुमारे १२५ विद्यार्थ्यांनी नक्कल केल्याचा संशय आहे. विषय होता अमेरिकी काँग्रेसची ओळख. प्रकरण लगेच देशभर गाजलं. काही दिवसांतच, संशयित विद्यार्थ्यांना काय सल्ला द्यायचा याबद्दलचं एक अंतर्गत ईमेल वर्तमानपत्रांपर्यंत पोचलं. ते गेलं होतं रेसिडेंट डीन मंडळींना. हे लोक विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतच राहतात, त्यांना अभ्यासाबद्दल आणि अडीअडचणींत सल्ला देतात, शिस्तीच्या प्रकरणांत समितीवरही बसतात, आणि काही ना काही शिकवतातही.

ईमेल फोडलं कुणी, हे शोधायला प्रशासनाने सप्टेंबरमध्ये १६ रेसिडेंट डीनांची प्रशासकीय खाती तपासली. ते ईमेल पुढे पाठवणारा एक जण सापडला. त्याने ते अनवधानाने केलं असं ठरलं आणि कारवाई झाली नाही. इथपर्यंत ठीक होतं असं समजू. पण उरलेल्यांना आपलं खातं तपासलं गेलं हे कुणी सांगितलंच नाही! त्यांना ते कळलं मार्च २०१३मध्ये, ‘बोस्टन ग्लोब’ने बातमी छापायच्या सुमारास.

प्रशासनाचं म्हणणं असं होतं की शोध फक्त विषयाच्या ओळीपुरता होता आणि कुणाच्याही पत्रातला मजकूर कुणी वाचला नाही. हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा, कारण देखरेखीच्या जवळपास प्रत्येक वादात तो येतो. पाकीट उघडलं नाही, फक्त वरचा पत्ता बघितला, असा त्याचा अर्थ. पण कुणी कुणाला, कधी आणि कशाबद्दल लिहिलं एवढं कळलं तरी बरंच काही कळतं. हार्वर्डलाही त्या वेळी तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

प्राध्यापक की कर्मचारी?

आता या वादातला सगळ्यात रंजक भाग. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान विद्याशाखेच्या नियमांत प्राध्यापकांच्या ईमेलला संरक्षण होतं. तपासणी झालीच तर संबंधिताला कळवायचं, असं त्यात होतं. कर्मचाऱ्यांसाठीचे नियम बरेच सैल होते. मग रेसिडेंट डीन कुठे बसतात? ते शिकवतात म्हणून प्राध्यापक, की प्रशासनाचं काम करतात म्हणून कर्मचारी? प्रशासनाने त्यांना कर्मचारी धरलं. अनेक प्राध्यापकांना ते अजिबात पटलं नाही. सगळा वाद एका शब्दाच्या व्याख्येवर येऊन ठेपला.

त्यात भर म्हणजे २ एप्रिल २०१३च्या प्राध्यापक सभेत कॉलेजच्या डीन एव्हलिन हॅमंड्स यांनी सांगितलं की त्यांनी आणखी एक शोध घ्यायला परवानगी दिली होती. तो शोध एका रेसिडेंट डीनच्या प्रशासकीय आणि वैयक्तिक अशा दोन्ही खात्यांत झाला होता, आणि विद्याशाखेच्या मुख्य डीनना त्यांनी तो कळवला नव्हता. म्हणजे कुणाला विचारायचं हा नियमही मोडला गेला. पुढे वकिलाने केलेल्या चौकशीत सगळ्यांनी सद्हेतूने काम केलं असा निष्कर्ष निघाला. हॅमंड्स २०१३च्या उन्हाळ्यात पदावरून पायउतार झाल्या. ईमेल प्रकरण हे त्यामागचं कारण नसल्याचं त्यांनी सांगितलं. त्या स्वतः विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक, आणि हार्वर्डच्या तेव्हाच्या अध्यक्षा ड्रू फॉस्ट यादेखील इतिहासकार. कागदपत्रं जपून ठेवली तर उद्या ती कुणीतरी वाचणार, हे दोघींनाही पक्कं माहीत असणार.

फॉस्ट यांनी कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड बॅरन यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. २०१४च्या वसंतात नवं धोरण आलं. तपासणीला ठोस कारण हवं, अधिकार असलेल्या व्यक्तीची मंजुरी हवी, एरवी संबंधिताला कळवायचं, प्रत्येक तपासणीची नोंद ठेवायची, आणि वर एक देखरेख समिती. मुख्य म्हणजे प्राध्यापक, कर्मचारी आणि विद्यार्थी या सगळ्यांना एकच नियम. व्याख्येचं भांडण असं मुळातूनच काढून टाकलं गेलं.

ईमेल झालं, मग कॅमेरे

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. नोव्हेंबर २०१४मध्ये प्राध्यापकांच्याच सभेत नवी माहिती बाहेर आली. त्या वर्षीच्या वसंत सत्रात १० अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांना किती विद्यार्थी येतात हे मोजायला वर्गांत गुपचूप कॅमेरे लावले होते. ते दर मिनिटाला फोटो काढत आणि संगणक भरलेल्या व रिकाम्या खुर्च्या मोजे. सुमारे २,००० विद्यार्थी त्यात आले. प्राध्यापकांना हे नंतर सांगितलं गेलं. विद्यार्थ्यांना तोवर पत्ताच नव्हता. संगणकशास्त्रज्ञ हॅरी लुइस यांनी सभेत हा विषय काढल्यावर तो गाजला, आणि फॉस्ट यांनी तो नव्या धोरणाच्या देखरेख समितीकडे सोपवला.

संशोधन करणाऱ्यांनी यातली एक गोष्ट जरूर टिपून ठेवावी. हा प्रयोग आधी नैतिकता मंडळाकडे गेला होता. मंडळाने ठरवलं की हे माणसांवरचं संशोधन नाहीच, म्हणून संमतीची गरज नाही. म्हणजे पुन्हा व्याख्याच! आधी ‘प्राध्यापक’ शब्दाची, आता ‘माणसांवरचं संशोधन’ या शब्दांची.

कॅलिफोर्नियातही असंच झालं. जुलै २०१५मध्ये यूसीएलएच्या रुग्णालयांवर मोठा सायबर हल्ला झाल्याचं उघड झालं. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुख्यालयाने कॅम्पसच्या नेटवर्कवरची रहदारी तपासणारी यंत्रणा बसवली. कारण खरं होतं, धोकाही खरा होता. पण सांगितलं गेलं नाही. २०१६च्या सुरुवातीला बर्कलीच्या प्राध्यापकांनी ते चव्हाट्यावर आणलं, आणि हल्ल्यापेक्षा या गुप्ततेचीच चर्चा जास्त झाली.

मग आपण काय घ्यायचं?

संस्थांचा इतिहास लिहिणार असाल तर धोरणपत्रं कंटाळवाणी म्हणून बाजूला टाकू नका. धोरणाची तारीख बघा आणि त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत तिथे काय घडलं ते शोधा. नियमातली विचित्र वाटणारी अट बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलेली असते. ‘तपासणीची नोंद ठेवावी’ असं वाक्य दिसलं, तर आधी नोंद ठेवली नव्हती का, हे विचारा. मग व्याख्यांचा भाग वाचा. कुणाला संरक्षण आहे आणि कोण दोन खुर्च्यांच्या मध्ये पडतंय, हे तिथेच कळतं. शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी बऱ्याचदा अशा मधल्या जागीच असतो.

दुसरी गोष्ट फक्त इतिहासाची नाही. मुलाखत घेताना आपण समोरच्याला शब्द देतो: तुमचं नाव माझ्यापाशीच राहील. मग घरी येऊन ती नोंद विद्यापीठाच्या खात्यातून मार्गदर्शकाला पाठवतो. तो शब्द पाळणं त्या क्षणापासून फक्त आपल्या हातात राहत नाही. म्हणून संमतीपत्रक लिहायला बसण्याआधी आपल्या संस्थेचं आयटी धोरण शोधून वाचा. खातं कोण उघडू शकतं, कुणाच्या मंजुरीने, आणि आपल्याला कळवतात का, एवढंच त्यात बघायचं आहे. उत्तर सापडलं नाही तर विभागात लेखी विचारा. आणि तोवर माहिती देणाऱ्यांची खरी नावं त्या पेटीत टाकू नका.