पाणाड्याची काठी

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारें दोन कोसांवर खजिना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळीं, इ. स. १५८२ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखान यानें ती राजा भास्कर ह्या कारागिराकडून बांधविली. भुयारांतून पाणी तींत येतें व भुयारानेंच खालच्या शेतांकडे जातें. मोट लागत नाहीं. बालाघाटाच्या खडकाळ मुलखांत हें काम पाहिलें म्हणजे, भूमीच्या पोटांतलें पाणी ओळखणारे लोक येथें होते, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

ह्या विद्येवर जुनें लिखाणही आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत 'दकार्गल' नांवाचा अध्याय लिहिला. जांभळीच्या उत्तरेस तीन हातांवर, दोन पुरुष खोलीवर पाण्याची शीर लागते, असें तो सांगतो. हात उंच केलेल्या माणसाएवढें माप म्हणजे एक पुरुष. वारुळें, मातीचा रंग, खणतांना लागणारा दगड, ह्यांच्याही खुणा तो देतो. हातांत फिरणारी काठी मात्र त्यांत कोठेंच नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ती युरोपांत भेटते. जर्मन पंडित ॲग्रिकोला यानें १५५६ च्या खाणींवरील ग्रंथांत तिचें वर्णन केलें आहे, आणि सृष्टीच्या खुणा जाणणाऱ्यास तिचा उपयोग नाहीं, असा अभिप्रायही दिला आहे. असें असतांही मुंबई सरकारनें १९२५ च्या सुमारास मेजर पॉग्सन यांस सरकारी पाणाड्या नेमलें. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें ह्या लाभास मुकलें. त्याचें आम्हांस फारसें दुःख नाहीं.

आमचा पाणाड्या उंबराची बेचकीसारखी फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शिवारांत फिरतो. फांदी वळते हें खरें. पण ती धरणाराच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालीनें वळते. अशा हालचालींची उपपत्ति कार्पेंटर यानें १८५२ मध्यें सांगितली. मग पाणाड्यास पाणी लागे कसें? काळ्या पाषाणावरील झिजलेल्या मुरमांत उथळ पाणी पुष्कळ ठिकाणीं असतें. शिवाय वैशाखांत हिरवें राहिलेलें झाड, ओढ्याचें वळण, जमिनीचा उतार हें सारें त्याच्या डोळ्यांनीं आधींच टिपलेलें असे. विद्या डोळ्यांची, कीर्ति काठीची!

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरचें युग आलें. शेंकडों फूट खालच्या खडकांतील भेग कोणतें झाड सांगणार? तेथें डोळ्याचें कांहीं चालत नाहीं. उरते ती काठी. शेतकरी कर्ज काढून फुटाफुटास पैसे मोजतो. नुसता धुरळा उडाला तर यंत्राची गाडी पुढच्या शिवारांत जाते; कर्ज येथेंच राहतें.