कोणता घाट घरी आणायचा?

नेरुळच्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली रिकामी झाली आणि तिथे घाटातल्या रेल्वेचं मॉडेल करायचं ठरलं. माप एकास सत्त्याऐंशी. वाद पडला तो घाटावरून: नेरळ–माथेरान की बोरघाट?

आजीचं मत माथेरानला. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७मध्ये सुरू केलेली ही दोन फुटी लाइन. वीस फुटांना एक फूट चढ. आजीचे वडील तिच्यावर ब्रेकवाले. इंजिनाच्या शिट्टीवर हाताने चाक आवळायचं, शिट्टीवरच सैल सोडायचं. "पावसाळ्यात बाबा हाताला गोणपाट गुंडाळायचे," आजी सांगते.

आजोबा कर्जतचे, सगळी नोकरी घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांवर. त्यांचा बोरघाट शिंग्रोबा धनगरापासून सुरू होतो: साहेबाला डोंगरातली वाट सापडेना, ती शिंग्रोबाने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली. कागदोपत्री नावं वेगळी. आखणी जेम्स बर्कली यांची. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये आल्या आल्या दगावला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम तडीस नेलं. १८६३मध्ये गाडी घाट चढली. धनगराचं नाव लोकांनीच जपलं. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी ड्रायव्हर आजही नाणं टाकतात.

मोजायला बसलो तर दोन्ही घाट खोलीत मावेनात. बोरघाटाची ५५८ मीटर चढण या मापातही जवळपास साडेसहा मीटर भरते. गाडी वरच्या मजल्यावरच्यांच्या स्वयंपाकघरातून न्यावी लागली असती. तोडगा बर्कलींनीच काढून ठेवला होता. खंडाळ्याच्या अलीकडे कड्यावर वळायला जागा नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी टोकाला थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेवटचा डबा पहिला होऊन चढण पुन्हा सुरू. १९२९मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. आजोबांनीही ते वडिलांकडून ऐकलेलंच. अडचणीच्या जागेसाठी काढलेली युक्ती आमच्या खोलीत चपखल बसली. तेवढाच तुकडा करायचा, साल १९२८. म्हणजे विजेच्या तारांची कटकट नाही.

आजोबांनी आराखडा पाहिला. "देऊळ कुठाय?"

"आजोबा, ते रस्त्यावर आहे, रुळांपासून लांब."

"असू दे. वाट दाखवणारा आधी दिसला पाहिजे."

आजीने वाद मिटवला: "बसवा हो तुमचा धनगर. पण ब्रेकवर माणूस माझा."