जबानीचा आवाज

मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेपुढे साक्षीदारांच्या जबान्या होत, कारकून त्या मोडीत उतरून घेई, आणि महजराखाली पाटलाच्या नांगराची निशाणी पडली की निकालास बळकटी येई. त्या कागदांनी इतिहाससंशोधकांना अमूल्य सामग्री पुरविली खरी, परंतु साक्षीदार कोणत्या शब्दापाशी अडखळला, कोठे त्याचा कंठ दाटून आला, हे नोंदविण्याची तजवीज कोणत्याही दप्तरात नव्हती.

ही उणीव यंत्राने भरून काढली, आणि त्या इतिहासात डेव्हिड बोडर या मानसशास्त्रज्ञाचे स्थान माझ्या मते अग्रगण्य आहे. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापन करणारा हा गृहस्थ 1946 च्या उन्हाळ्यात, मार्विन कॅमरास याने सिद्ध केलेले, बारीक पोलादी तारेवर आवाज मुद्रित करणारे यंत्र घेऊन युरोपात उतरला, आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली व जर्मनी येथील निर्वासितांच्या आश्रयस्थानांतून फिरत त्याने सुमारे 130 जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील बहुसंख्य ज्यू होते, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेले. ज्या संहाराला तोवर जगात सर्वमान्य नावही पडले नव्हते, त्याची हकिकत प्रत्येकाने आपापल्या भाषेत, यिडिशमध्ये, जर्मनमध्ये, पोलिशमध्ये सांगावी, असा त्याचा आग्रह असे. अमेरिकेत परतल्यावर एका यंत्रावर ती तार ऐकत दुसऱ्या यंत्रात तो इंग्रजी भाषांतर बोलून ठेवी. आणि तुटलेली वाक्ये, हुंदके, त्याने स्वतः चुकीच्या वेळी विचारलेले प्रश्न, यांपैकी काहीही साफसूफ न करता 1957 पर्यंत त्याने 70 मुलाखतींची 3,100 हून अधिक पृष्ठे सिद्ध केली. साक्षीदाराच्या बोलण्याविषयीचा इतका आदर संशोधनाच्या इतिहासात विरळा.

उलटपक्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ऍलन नेविन्स याने 1948 मध्ये मौखिक इतिहासाचा जो उपक्रम आरंभिला, त्यात प्रारंभीची कित्येक वर्षे टंकलिखित प्रत हाच अस्सल दस्तऐवज मानला जाई, आणि महागड्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. ज्या आवाजासाठी यंत्र आणले तोच नष्ट करावा, ही हानी कधीही भरून निघणारी नाही.

पुढे 2003 मध्ये इंटरनेटवरून दूरच्या माणसाशी बोलण्यासाठी स्काइप आले, आणि मार्च 2020 नंतर, महामारीने घरोघरचे दरवाजे बंद केले तेव्हा, झूमवरची मुलाखत ही संशोधकांची नित्याची रीत झाली. पुण्यात बसून सिंधुदुर्गातल्या आजीला प्रश्न विचारता येऊ लागले, प्रवासखर्च व अनुदानाचे अर्ज टळले, आणि ज्यांच्याकडे कोणी कधी फिरकले नसते अशांची जबानी नोंदली गेली, हा लाभ मी मोठाच मानतो. तथापि पडद्यावरची शांतता घातक असते. समोरासमोर बसलेला संशोधक वृद्धेच्या मौनाला अवधी देतो. पडद्यापुढे मात्र ‘आजी, ऐकू येतंय ना?’ असे तो घाईने विचारतो, आणि ओठांवर आलेली आठवण परत फिरते. शिवाय ही साधने पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप दाबतात. बैठकीत ते सोयीचे असेल. पण आजीच्या बोलण्यामागची कोंबड्याची बांग, अंगणातल्या सुनेची हाक, कधी तर तिचे स्वतःचे पुटपुटणेही त्याबरोबर गळून जाते. बोलीभाषेच्या अभ्यासकाला तर अशा चाळलेल्या आवाजावर उच्चारांचे सूक्ष्म निष्कर्ष काढणेच धोक्याचे.

सुदैवाने झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा ठेवण्याची आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र फाइलीत उतरविण्याची सोय आहे. शक्य असेल तेथे निवेदकाच्या, म्हणजे जबानी देणाऱ्याच्या, बाजूसही एखादा मोबाइल जवळ ठेवून वेगळे मुद्रण करावे. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची यांत्रिक घोषणा म्हणजे संमती नव्हे; ती निवेदकाच्या भाषेत आधी मागावी. आणि जे वाचक आपल्या गावच्या, घरच्या वडीलधाऱ्यांची जबानी अशी घेत असतील त्यांना माझी विनंती आहे की, लेखी प्रत तयार झाली म्हणून मूळ ध्वनिमुद्रण पुसू नये, ते दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावे, आणि त्याची एक नक्कल ज्याचा आवाज आहे त्याच्या हाती द्यावी.